लिस्बन: चर्चं बघायची तर कुठली, आणि कुठली सोडून द्यायची?

पायपीट
मंडळी, मे महिन्यात लिस्बनला जायचं पक्कं झालंय. मी, नवरा आणि माझे आई-बाबा. आधीच सांगते, मला चर्चचा कंटाळा आहे. मागे युरोपात फिरलो तेव्हा सकाळी चर्च, दुपारी चर्च आणि पाऊस आला की आडोशाला पुन्हा चर्च. घरी आल्यावर फोटो बघताना कुठलं शहर कुठलं तेच कळेना. बाबांचं उलट. ते प्रत्येक फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि आम्ही दारात ताटकळतो. आईचे गुडघे दुखतात, आणि लिस्बन म्हणजे नुसता चढ-उतार असं ऐकून आहे.

'टॉप टेन' याद्या नकोत, त्या वाचून झाल्या. कुठलं चर्च बघितल्यावर त्या रात्री जेवताना तुम्ही त्याच्याबद्दल बोलत होतात, एवढं सांगा. आणि कुठलं सोडलं तरी काही बिघडत नाही, तेही बिनधास्त सांगा.

उंडगा
जेरोनिमोस मठ. उरलेल्या वेळात कस्टर्डच्या पेस्ट्र्या खा. विषय संपला.

शेपूची_भाजी
'विषय संपला' म्हणणाऱ्याने या संस्थळावर आजवर एकही विषय संपवलेला नाही. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

तेजोनिधी
मी नोकरीनिमित्त इथेच असतो. घरचं कुणी आलं की सगळ्यात आधी साओ दोमिंगोसला नेतो. रोसियो चौकाच्या कोपऱ्याला आहे. बाहेरून इतकं साधं की माणसं न बघता पुढे जातात.

१९५९ साली आत मोठी आग लागली आणि छत खाली आलं. नंतर छत नवं घातलं, पण भिंती आणि खांब जसे होते तसेच ठेवले. ना गिलावा, ना पॉलिश. उष्णतेने दगडाचे पापुद्रे उडालेत, खांबांच्या कडा खाल्ल्यासारख्या झाल्यात, काही ठिकाणी हाताची मूठ मावेल एवढे खळगे आहेत. वर विटकरी रंगाचं छत. १९९४ मध्ये ते असंच पुन्हा उघडलं आणि रोजची प्रार्थना सुरू झाली. माझे सासरे एरवी कुठेही 'इथे पार्किंगचं काय करतात' हा पहिला प्रश्न विचारतात. इथे गप्प बसून राहिले.

दारासमोरच्या छोट्या चौकात एक स्मारक आहे, २००८ मध्ये बसवलेलं. एप्रिल १५०६ मध्ये याच चर्चमध्ये क्रुसावर चमत्काराचा प्रकाश दिसला असा गलका झाला. बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंपैकी एकजण म्हणाला, हा तर मेणबत्तीचा उजेड आहे. त्याला ओढून बाहेर नेऊन ठार केलं. पुढचे तीन दिवस शहरात ज्यूंची कत्तल चालली होती. फलक वाचणाऱ्या बाबांना ही जागा नक्की दाखवा.

तिथून चार पावलांवर १८४० पासून चालणारं जिंजिन्याचं दुकान आहे. आंबट चेरीची गोड दारू, इवल्याशा पेल्यात, रस्त्यावर उभं राहून प्यायची. चेरी घालून की न घालता, एवढंच विचारतात.

पायपीट
@तेजोनिधी, अगदी हेच हवं होतं! फुकट आहे का?

तेजोनिधी
चर्च फुकट. जिंजिन्याचे पैसे पडतात.

गनिमी_कावा
सगळ्यांना छान छान वाटतंय, म्हणून आता मी काडी टाकतो. याच पोर्तुगीजांनी गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) चालवलं, मधली काही वर्षं सोडली तर. देवळं पाडली. आपल्याकडून जहाजं भरभरून माल नेला आणि त्यावर ही चर्चं उभी केली. आता आपणच विमानाचं तिकीट काढून, रांगेत उभं राहून 'वा काय नक्षी' म्हणायचं? मला तरी जमणार नाही.

कोपऱ्यातला
लंडनच्या म्युझियममधले फोटो टाकले होतेत तेव्हा बरं जमलं होतं.

गनिमी_कावा
तिथे मी चिडूनच फिरत होतो.

नागपुरी_संत्रं
काऊन भांडता बावा इतकं. बाईनं साधं इचारलं का चर्च कोनतं पाहू.

मृण्मयी_रा
@गनिमी_कावा, राग रास्त आहे. पण त्या रागापोटी तरी जेरोनिमोस बघायला हवं असं माझं मत आहे, कारण तिथे ते काहीच लपवलेलं नाही.

राजा मानुएल पहिला याने १५०१ च्या सुमारास बांधकाम सुरू केलं. पैसा कुठून आला? आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर पाच टक्के कर लावून. त्याआधी तिथे खलाशांचं एक लहानसं प्रार्थनास्थळ होतं. १४९७ च्या जुलैमध्ये निघण्याआधीची रात्र वास्को द गामाने तिथे काढली असं सांगतात. आत शिरल्या शिरल्या त्याचीच कबर आहे आणि समोरासमोर कवी कामोइंश याची. दोन्ही कबरी दिसायला जुन्या वाटतात, पण एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. वास्को मेला कोचीला, १५२४ साली. आधी तिथेच पुरला होता, मग अवशेष पोर्तुगालला नेले आणि १८८० मध्ये इथे आणले.

सगळे त्या कबरीचा फोटो काढतात आणि मागे फिरतात. तुम्ही तसं करू नका, सरळ वेदीपर्यंत जा. मानुएल आणि त्याच्या वारसांच्या दगडी पेट्या तिथे हत्तींच्या पाठीवर ठेवल्या आहेत. राजाचं ओझं वाहणारे संगमरवरी हत्ती, तेही लिस्बनमध्ये! आपल्याकडच्या देवळातले हत्ती बघून मोठं झालेल्या माणसाला ते जरा बुटके आणि बिचारे वाटतात. मी तिथे बराच वेळ उभी होते. राग म्हणाल तर तोही आला.

बाहेर खिडक्यांच्या चौकटींना दगडात कोरलेले दोरखंड आहेत, गाठींसकट. मधल्या अंगणाचं तिकीट वेगळं आहे आणि रांग भर उन्हात असते. आईंना आधी चर्चमध्ये सावलीत बसवा आणि तुमच्यापैकी एकाने रांगेत उभं राहा.

हट्टी_कोकणी
त्या मालातली मिरी मलबारची होती. कोकणाच्या वाट्याला फक्त तोफा आल्या. नोंद असावी.

पापडी_वसई
मी वसईचा, घरी पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती. गनिमी_कावा यांच्या मुद्द्यावर इतकंच म्हणतो की आम्हाला ही दोन्ही टोकं एकाच घरात सांभाळावी लागतात. किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये आम्ही लहानपणी क्रिकेटही खेळलो आणि तिथेच संत गोन्सालो गार्सियाच्या सणाला नवे कपडे घालूनही गेलो. गोन्सालो वसईचाच. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं, १८६२ मध्ये संतपद मिळालं. माझी आजी पोर्तुगीज शब्दाने हाक मारायची आणि शिव्या अस्सल वसईच्या द्यायची.

पायपीटताई, एक विनंती. चर्च नुसतं 'बघायला' गेलात तर कंटाळा येणारच. एखाद्या रविवारी मासला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, मागच्या बाकावर जाऊन बसा. भाषा कळली नाही तरी हरकत नाही. कधी उठायचं, कधी बसायचं ते शेजाऱ्याकडे बघून कळतं. कम्युनियनच्या (प्रसादाच्या) रांगेत मात्र उभं राहू नका, ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतं. खांदे झाकलेले असू देत, फोन खिशात. मी अल्फामा या जुन्या वस्तीतल्या एका लहानशा चर्चमध्ये असाच बसलो होतो. पुढच्या बाकावरची आजी प्रार्थना संपल्यावर वळली, माझा हात हातात घेतला आणि काहीतरी म्हणाली. मला काही कळलं नाही, मीही 'देव बरें करूं' (आमचं धन्यवाद) म्हणालो. तिलाही कळलं नसणार.

जुनी_वही
वसई निघालीच आहे तर अवांतर: १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याखाली घाटावर अशीच एक आहे, १७०७ सालची, तिच्यावर बाळ येशूसह मेरी आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळाची तर नुसती 'नारोशंकराची घंटा' म्हणूनच ओळख. कुणी या सगळ्या घंटांची एकत्र नोंद केली आहे का?

शेपूची_भाजी
घंटा!

जुनी_वही
हा विनोद होणार हे ठाऊक असूनही मी लिहिलं.

भूगोलवाली
धागा वसईच्या खाडीत शिरायच्या आत आईंच्या गुडघ्यांचं बघते.

लिस्बनचा चढ खरा आहे, पण त्याहून वाईट म्हणजे फुटपाथ. पांढऱ्या-काळ्या चुनखडीचे छोटे तुकडे बसवलेले असतात, दिसायला देखणे, पण चालून चालून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की विचारू नका. रबरी तळव्याचे बूट घ्या, त्यात काटकसर नको.

लिस्बनच्या किल्ल्याकडे चढायला सरकारी लिफ्ट आहेत आणि त्या फुकट आहेत. पहिली रुआ दोस फँकेइरोस या रस्त्यावर एका साध्या इमारतीच्या आत. पाटी न बघता गेलात तर चुकणार. वर आल्यावर थोडं चाललं की दुसरी, तिच्या खाली सुपरमार्केट आहे. सांता जुस्ताच्या लोखंडी लिफ्टची रांग सोडून द्या. वरच्या गच्चीला कार्मो चर्चच्या बाजूने पायी जाता येतं.

२८ नंबरची ट्राम: सगळे सांगतात म्हणून सगळे बसतात, म्हणून बसायला जागा नसते. त्या गर्दीत पाकीटमार हमखास असतात. बसायचंच असेल तर अगदी सकाळी, सुरुवातीच्या थांब्यावरून. बेलेंला (म्हणजे जेरोनिमोसला) जायला काइस दो सोद्रे स्टेशनहून लोकल पकडा, नाहीतर १५ नंबरची ट्राम.

पायपीट
लिफ्टची माहिती सोन्यासारखी! आईला वाचून दाखवली. ती म्हणते, 'लिफ्टच बघू, चर्च राहू दे.'

लोखंडी_सळई
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, त्यामुळे माझं मत एकांगी असणार. माझ्या मते लिस्बनमधलं चर्च बघायचं तर आधी त्याला विचारायचं, १७५५ मध्ये तुझं काय झालं?

१ नोव्हेंबर १७५५, ऑल सेंट्स डे. सकाळी साडेनऊ वाजून गेले होते. सण म्हणून सगळं शहर चर्चमध्ये, वेद्यांवर मेणबत्त्या. भूकंपात छपरं खाली आली, मेणबत्त्यांनी आग लागली. लोक जीव घेऊन नदीकाठच्या मोकळ्या जागेत धावले, तर तिथे लाट आली. म्हणजे जे घरात नाहीत आणि मोकळ्यावर आहेत तेही गेले. राजा जोझे कुटुंबासह शहराबाहेर बेलेंला होता म्हणून वाचला. त्याने पुढे दगडी छपराखाली राहायचा धसकाच घेतला. आजुदाच्या टेकडीवर त्याच्यासाठी लाकडाचा महाल बांधला गेला आणि उरलेलं आयुष्य त्याने तिथे काढलं.

खालचं सगळं शहर मंत्री पोंबालने नव्याने आखलं. सरळ रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती आणि भिंतींच्या आत लाकडाचा आडवा-उभा-तिरपा सांगाडा. दगड पडला तरी सांगाडा उभा राहावा ही कल्पना. नमुना बांधून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि चाचणी घेतली असं म्हणतात. भूकंपाचा विचार करून आखून-मोजून केलेल्या बांधकामाचं हे युरोपातलं फार जुनं उदाहरण. आपल्याकडे पाट्या लावून 'भूकंपरोधक' फ्लॅट विकतात ते वेगळं.

आता कार्मो. १३८९ मध्ये सेनापती नुनो आल्वारेस परेराने स्थापन केलेला मठ, भूकंपात छत गेलं. दुरुस्ती सुरू झाली होती, पण १८३४ मध्ये पोर्तुगालने मठच बरखास्त केले आणि काम थांबलं ते थांबलं. पुढे मुद्दाम तसंच ठेवलं. आज मधल्या दालनात दोन्ही बाजूंनी टोकदार कमानी एकमेकींकडे झुकतात आणि त्यांच्यामध्ये आकाश. पायाखाली गवत. इतर ठिकाणी छत बघून मान दुखते, इथे छतच नाही आणि तरी सगळे वरच बघत असतात. मागच्या भागात छोटं पुराणवस्तू संग्रहालय आहे, त्यात काचेच्या पेटीत पेरू देशातल्या ममी. त्या तिथे का आहेत हे विचारू नका, एकोणिसाव्या शतकातल्या हौशी माणसांना काहीही गोळा करायची सवय होती.

माडाची_सावली
कार्मोवरून आठवलं, चर्चच्या बाहेरच्या चौकात जरा थांबा. २५ एप्रिल १९७४ ला सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी सत्ता उलथवली, तेव्हा पंतप्रधान मार्सेलो काएतानो याच चौकातल्या पोलिसी मुख्यालयात लपला होता आणि तिथेच शरण आला. बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोचली ती याच दिवशी.

मी गोव्याची. आमच्यासाठी या चौकाचं महत्त्व वेगळं आहे. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला, पण लिस्बनच्या कागदांवर तो पुढची तेरा वर्षं 'त्यांचाच' होता. ही राजवट गेली तेव्हा कुठे, १९७४ च्या ३१ डिसेंबरला करार होऊन पोर्तुगालने भारताची सत्ता मान्य केली. आमच्या घरात या तारखेवरून अजूनही वाद होतात. काकाला वाटतं तिला काडीचा अर्थ नाही, वडलांना वाटतं आहे. @गनिमी_कावा, या चौकाला तरी तुमचा विरोध नसावा.

गनिमी_कावा
नाही. हे माहीत नव्हतं. या चौकात मी एक कॉफी घेईन. चर्चमध्ये नाही जाणार.

कोपऱ्यातला
कॉफी ब्राझीलची असेल. बघा बुवा, तिथेही त्यांचंच राज्य होतं.

ठाकुरद्वारचा_बाळू
मुंबईकरांनी न चुकता बघावं असं एक चर्च अजून कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो: साओ विसेंत द फोरा.

मुंबई इंग्रजांना आंदणात मिळाली हे शाळेत सगळे शिकतात. १६६१ चा तो लग्नाचा करार, कॅथरीन ऑफ ब्रगान्झा आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. मग १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा, आणि १६६८ मध्ये राजाने मुंबई कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. बरं, त्या नवरीचं पुढे काय झालं? नवरा मेल्यावर ती काही वर्षांनी लिस्बनला परतली, भावाच्या आजारपणात राज्यकारभारही बघितला, १७०५ च्या अखेरीस वारली. तिची कबर या मठात आहे, ब्रगान्झा घराण्याच्या दफनघरात. आधी दुसरीकडे होती, नंतर इथे आणली. आमच्या चाळीतल्या खोलीचा आजचा भाव मनात आला आणि मी बाईंना नमस्कार केला.

याच मठात निळ्या-पांढऱ्या टाइल्सची प्रचंड चित्रं आहेत. वरच्या मजल्यावर फ्रेंच कवी ला फोंतेनच्या प्राणिकथांचे ३८ पट्टे लावले आहेत. कोल्हे, कावळे, सिंह, गाढवं. बाबांना हेही सांगा की ला फोंतेनने आपल्या कथांच्या १६७८ मधल्या दुसऱ्या संग्रहाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय की यातल्या बऱ्याच गोष्टी 'पिल्पे' नावाच्या भारतीय ज्ञान्याच्या आहेत. म्हणजे आपलं पंचतंत्र, अरबी-फारसीतून फिरत फिरत पॅरिसला गेलेलं. मुलं बरोबर असतील तर हा भाग सगळ्यात हिट होतो.

गच्चीवरून नदी दिसते. आणि मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर मागच्या मैदानात जुना बाजार भरतो. फुटक्या टाइल्स, पितळी कड्या, कुणाच्या तरी आजोबांचे लष्करी बिल्ले. चोरबाजाराची आठवण येते, फक्त भाव युरोत.

जुनी_वही
सुरेख प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

उंडगा
त्याच मैदानाच्या खाली तो पांढरा घुमट, राष्ट्रीय पँथिऑन. सांता एंग्रासिया चर्च. १६८२ ला बांधायला घेतलं, १९६६ ला पुरं झालं. गायिका आमालिया आणि फुटबॉलपटू युसेबियो तिथे पुरलेत. वास्को द गामाचीही कबर आहे, पण रिकामी, नुसती मानाची. पायऱ्या भरपूर, आईंना नको.

शेपूची_भाजी
२८४ वर्षं?! आमच्या नाक्यावरच्या उड्डाणपुलाबद्दल आता मला आशा वाटायला लागली आहे.

चष्मिष्ट
सगळे गोड बोलताहेत म्हणून 'टाळा' गटात माझी भर. साओ रोक टाळा. बाहेरून गोदाम, आत सोनंच सोनं. डोळे दुखले माझे.

मृण्मयी_रा
@चष्मिष्ट, टोकाचा असहमत! साओ रोकमध्ये वेदीकडे तोंड करून डावीकडचं सेंट जॉनचं छोटं दालन बघितलंत का? राजा जुआंव पाचवा याने १७४२ मध्ये रोमच्या वास्तुकारांना काम दिलं, साल्वी आणि व्हानव्हितेली. साल्वी म्हणजे रोममधल्या ट्रेव्ही कारंजाचा. दालन बांधलं रोममध्येच, तिथे पोपने त्यात प्रार्थना केली, मग सगळं सुटं करून तीन जहाजांतून लिस्बनला आणलं आणि पुन्हा जोडलं. लाजवर्द, गोमेद, जांभळा स्फटिक. त्यातली तैलचित्रं वाटतात ती चित्रं नाहीतच, मोझाइक आहेत. अगदी जवळ जाऊन डोळे बारीक केले तरच दगडाचे कण दिसतात. पैसा ब्राझीलच्या सोन्याचा, हे वेगळं सांगायला नको.

आणि मुख्य छत सपाट लाकडी आहे. वरचे घुमट नुसते रंगवलेले आहेत.

चष्मिष्ट
छत सपाट आहे?? मी तर घुमटाखाली उभा राहून फोटो काढलाय.

लोखंडी_सळई
@चष्मिष्ट, आयडी सार्थ केलात.

तेजोनिधी
टाळायच्या यादीत मी से कॅथेड्रल घालीन, आतून. ११४७ मध्ये मूरांकडून (तिथल्या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून) शहर घेतल्यावर सुरू केलेलं, म्हणजे इथलं सगळ्यात जुनं, पण तिकीट काढून बघावं इतकं आत मला काही लागलं नाही. बाहेरून, ट्राम समोरून वळते तेव्हा छान दिसतं, तेवढं पुरे. त्यापेक्षा दहा पावलं खाली संत अंतोनीचं छोटं चर्च आहे. तो जन्मला तिथे, जग त्याला पादुआचा म्हणतं याचा लिस्बनकरांना अजून राग आहे. १७५५ नंतर ते बांधायला पोरांनी 'संत अंतोनीसाठी एक पैसा द्या' करत दारोदार वर्गणी जमवली असं सांगतात. १२ जूनच्या रात्री त्याचा सण. अल्फामाच्या गल्लीगल्लीत सार्डिन भाजतात, गाणी, कागदी झिरमिळ्या. मेऐवजी जूनला येणं जमत असेल तर बघा.

पापडी_वसई
हरवलेली वस्तू मिळवून देणारा संत तो. २८ नंबरच्या ट्राममध्ये पाकीट गेलं तर सरळ तिथेच उतरा, थांबा जवळ आहे.

खवय्या_पेठेतला
इतका वेळ गप्प बसलो. खाण्याबद्दल कुणी बोलणार आहे का?

हॉटेलात बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते पाहुणचाराचं नसतं, हात लावलात की बिलात लागतं. नको असेल तर परत पाठवा, कुणाला वाईट वाटत नाही. शाकाहारी असाल तर हिरव्या कोबीचं 'काल्दो वेर्दे' सूप मागताना सॉसेज नको हे आधीच सांगा, त्यात चकत्या तरंगत येतात. कॅफेच्या काचेत समोसा दिसेल, 'शमूसा' म्हणतात, गोव्याकडूनच तिकडे गेलेला. उड्या मारू नका, आत बहुतेक वेळा चिकन किंवा बीफ असतं.

बेलेंची कस्टर्ड पेस्ट्री १८३७ पासूनच्या त्याच दुकानात. बाहेरची रांग पार्सलवाल्यांची असते. आत खूप मोठ्या निळ्या टाइल्सच्या खोल्या आहेत, सरळ आत जाऊन बसा. वर दालचिनी भुरभुरा. तीन जणांत सहा सांगा, नंतर पुन्हा ऑर्डर द्यायला लागत नाही.

हट्टी_कोकणी
दालचिनी सिलोनची. नोंद असावी.

रानगवा
बेलेंला गेलात तर तिथल्या नदीकाठच्या बुरुजाचा गेंडा चुकवू नका. आत जायला मिळो न मिळो, तो बाहेरूनच बघायचा असतो. वायव्येकडच्या छोट्या टेहळणी बुरुजाच्या तळाशी दगडात गेंड्याचं डोकं कोरलंय, वाऱ्यापाण्याने झिजलेलं.

गोष्ट अशी. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला गेंडा भेट दिला. खरं तर आल्बुकर्कला दीवला किल्ला बांधायची परवानगी हवी होती, ती मिळाली नाही, गेंडा मिळाला. त्याने तो गोव्याहून बोटीवर चढवून राजाला पाठवला. मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा बघितला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला. मग गेंड्याची रवानगी पोपकडे झाली, आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो साखळीसकट गेला. जर्मनीत चित्रकार ड्यूररने न बघता, वर्णन आणि एका कच्च्या रेखाटनावरून त्याचं चित्र काढलं. तेच चित्र पुढे शतकानुशतकं युरोपात छापलं जात राहिलं, पाठीवरच्या जादाच्या शिंगासकट.

गनिमी_कावा
या धाग्यातला एकमेव प्रवासी ज्याच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटलं.

जुनी_वही
बेलेंच्या धक्क्यावर उभं राहाल तेव्हा आणखी एक नाव आठवा. फादर थॉमस स्टीफन्स. इंग्रज माणूस, ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून गलबतात बसला आणि ऑक्टोबरमध्ये गोव्याला उतरला. परत कधी गेला नाही. त्याने मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. त्याआधी १५४१ मध्ये फ्रान्सिस झेवियरही इथूनच निघाला होता. झेवियर नदीकाठच्या त्या मोठ्या दगडी स्मारकावर इतर दर्यावर्दींच्या रांगेत आहे. स्टीफन्सचा पुतळा मला कुठे दिसला नाही. मराठी वाचणाऱ्याने त्याला तिथे मनातल्या मनात उभा करावा.

पापडी_वसई
+१. आमच्याकडे उपवासकाळात त्याच्या ओव्या अजून गातात.

पायपीट
सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांनी धाग्याचं प्रिंटआउट काढलंय! गनिमी_काव्यांच्या प्रतिसादांखाली पेन्सिलीने रेघाही मारल्यात. तर असं ठरवतेय:

रविवारी पोचतोय. त्या दिवशी अल्फामात एखाद्या मासला मागच्या बाकावर, आणि संत अंतोनी. सोमवारी पहाटे उठून बेलें, जेरोनिमोस, गेंडा, पेस्ट्री. मंगळवारी साओ विसेंत, टाइल्सच्या गोष्टी आणि बाजार. बुधवारी साओ दोमिंगोस, कार्मो आणि चौक. साओ रोक वेळ उरला तर, नवरा चष्मिष्ट यांच्या बाजूने आहे. से बाहेरून. पँथिऑन रद्द.

भूगोलवाली
सोमवारी जेरोनिमोस बंद असतं. सोमवार आणि बुधवार अदलाबदल करा, बाजाराचा मंगळवार हलवू नका. रविवारी कार्मो बंद, पण तुमचं तसंही सोमवारी येईल.

पायपीट
बदललं! पेस्ट्रीचं दुकान सोमवारी उघडं असतं का, हे आता नवरा विचारतोय.

खवय्या_पेठेतला
उघडं असतं. त्यांना बुधवारपर्यंत थांबवू नका.

नागपुरी_संत्रं
पोर्तोला बी कोनी गेलं का? नवीन धागा काढू का इथंच इचारू?

शेपूची_भाजी
नवीन काढा. इथे हट्टी_कोकणी नोंदी करत बसलेत.